कापसाच्या खोलीतली गिटार

त्या हिवाळ्यात आमच्या मधल्या खोलीत माणसांना जागा नव्हती, तिथे कापूस राहायला आला होता. माझा मामा बाळापूरकडे शेती करायचा. वेचणी संपली तेव्हा बाजार पडलेला होता आणि त्याच्या घराचं छप्पर शाकारायला उतरवलेलं होतं. म्हणून त्यानं बैलबंड्या भरून कापूस अकोल्याला आणला आणि बहिणीच्या घरात ओतला. आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढची बैठकीची, मधली निजायची, मागची चुलीची. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस चढला आणि चुलीकडे जाणारं दार त्याच्यामागे गडप झालं. आम्ही मग बाजूच्या बोळातून स्वयंपाकघरात जायचो. ताटं घेऊन, पाण्याची गुंडी घेऊन, थंडीत कुडकुडत. पुढच्या दारातून आत डोकावलं की पांढरा डोंगर दिसायचा आणि सरकीचा तेलकट, उन्हात वाळलेला वास यायचा. त्या खोलीत बोललेलं परत येत नसे. हाक मारली तर ती कुठेतरी रुतून बसायची. मला ते आवडत नव्हतं. रात्री बैठकीत झोपताना मी त्या दाराकडे पाठ करत नसे.

मायला तर कापूस घरात आल्यापासून झोपच नव्हती. माय जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. लग्न होऊन अकोल्यात आली तेव्हापासून तिनं तेच काम केलं. केसात, भुवयांत, लुगड्याच्या ओच्यात तंतू घेऊन ती संध्याकाळी घरी यायची आणि अंगणात उभी राहून स्वतःला झटकायची. तिच्यादेखत एकदा जिनाला आग लागली होती. त्या दिवसाबद्दल ती फार बोलत नसे. एवढंच म्हणायची, "कापसाची आग दिसत नाई बाप्पा. वरून पांढरं राह्यते अन् आतून चालत येते." तिच्या सोबतिणींपैकी एक त्या दिवशी घरी परतली नव्हती. कापूस आला त्या दिवशीच मायनं चूल मागच्या अंगणात हलवली, बाबांची बिडी कुंपणाबाहेर घालवली आणि रॉकेलची चिमणी उचलून शेजारी देऊन टाकली. वीज होती घरात, एक दिवा आणि दादानं स्वतः बसवलेली एक खटक्याची पाटी. त्या पाटीकडेही ती संशयानंच बघायची.

दादा माझ्याहून बराच मोठा. तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. दुकानात मोडीत निघालेल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर असं काहीबाही जमवून त्यानं एक पेटी तयार केली होती. त्याची हवाईयन गिटार होती, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनं वाजवायची. तिला त्यानं विजेचा पिकअप बसवला आणि ती तार या पेटीत खोचली. तो पेटीला अ‍ॅम्प्लिफायर म्हणायचा, माय म्हणायची, "तुई पेटी." पेटी सुरू केली की आधी काहीच व्हायचं नाही. मग मागच्या बाजूला काचेच्या नळ्यांत निखाऱ्यासारखा लाल ठिपका पेटायचा, तापलेल्या धुळीचा वास यायचा, आणि एक गुणगुण सुरू व्हायची, भिंतीत गांधीलमाशीचं पोळं असावं तशी. मी त्या पेटीला भ्यायचे. सूर मात्र तिचा असा होता, की दादा वाजवायला लागला की बोळातून जाणारी माणसं थांबायची.

मी गायचे. बाबा शाळेत शिपाई होते आणि गाणी रचायचे. धम्मदीक्षा घेतल्यानंतरच्या वर्षांत आमच्या वस्तीत दर सणाला, दर सभेला गाणी लागायची, आणि बाबांची गाणी म्हणायला घरातच गळा होता. त्यांचं एक गाणं लोक पुन्हा पुन्हा म्हणायला लावत: "पाटी घे वं माय, आपलं नाव लिहून पाय." अशाच एका कार्यक्रमात अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी मला ऐकलं. त्यांना गाणारी मुलगी हवी होती. ते दादाला म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण उघड्यावर गाणं वेगळं अन् माईकवर वेगळं. टेप करून पाठवा, मग बघू." दादाच्या डोळ्यांत त्या दिवशी जे पेटलं ते काही विझेना. तो मलाही ऑर्केस्ट्रात पाहत होता आणि स्वतःलाही.

दुकानाच्या मालकांकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. दादानं काय विनवण्या केल्या कोण जाणे, पण एका शनिवारी तो पोत्यात गुंडाळून तो जडशीळ डबा घरी घेऊन आला. सोमवारी सकाळी परत द्यायचा होता. मी हौसेनं समोर बसले. जमीन नुकतीच सारवलेली, ओलसर होती. मी अनवाणी. दादानं माईक माझ्यापुढे टांगला आणि म्हणाला, "जवळ ये अजून." मी ओठ नेले, आणि कुणीतरी ओठांवर सुई मारल्यासारखं झालं. दातांतून कानापर्यंत काहीतरी सळसळत गेलं. मी किंचाळून मागे पडले.

"काहून वं, काय झालं?" माय धावत आली.

"चावलं मले त्यानं," मी म्हणाले. दुसरा शब्द सुचला नाही.

दादानं प्लग उलटा करून घातला, माझ्या पायाखाली लाकडी पाट दिला, माईकला रुमाल गुंडाळला. "आता नाई लागत," म्हणाला. लागलं नाहीही. पण त्यानंतर मी त्या माईकसमोर उभी राहिले ती सापासमोर उभी राहावी तशी. पहिल्या ओळीला माझा श्वास थरथरायचा.

पहिलं ध्वनिमुद्रण ऐकलं आणि दादाचा चेहरा उतरला. गिटारच गिटार. माझा आवाज कुठेतरी मागे, विहिरीत पडलेल्या माणसासारखा. पेटी आणि मी एकाच खोलीत, त्यामुळे पेटीचा आवाज माझ्याच माईकमधून शिरत होता. पेटी हळू केली तर सूर जायचा आणि नुसती गुणगुण उरायची. तिचा खरा गोडवा मोठ्या आवाजातच होता. दादानं ती खाटेखाली ढकलून वरून गोधड्या सोडल्या, काही फरक पडला नाही. मागच्या मोरीत नेऊन ठेवली, तर टेपवर शेजारच्यांची बकरीही आली आणि शेजारीण बोळात उभी राहून दादाच्या नावानं जे बोलली तेही आलं. रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "राहू दे बापू, पेटीशिवायच म्हणू दे पोरीले." दादाची नजर मधल्या खोलीकडे गेली. तो उठला, मधल्या खोलीचं दार उघडलं, कापसापुढे उभा राहिला आणि जोरात टाळी वाजवली.

टाळी वाजली तिथेच मेली.

माझ्या नातीच्या घरी आता असली एक खोली आहे. भिंतींना काळा स्पंज, दाराला रबर. ती म्हणते, आजी, आता पेटी कोंडायची गरजच नाही, गिटार सरळ कॉम्प्युटरमध्ये जाते. मी खुर्चीत बसून तिचं ऐकते, पण त्या खोलीत शिरताना माझा तळवा आपोआप दाराच्या मुठीवर जातो. आतून उघडतं ना, ते मी बघून घेते.

तर दादानं ठरवलं, पेटी कापसाच्या खोलीत. तिच्यापुढे एक माईक. माझा माईक बैठकीत. दोन्ही तारा त्यानं केलेल्या एका छोट्या डबीत एकत्र येणार आणि तिथून टेपरेकॉर्डरला. गिटार घेऊन तोही बैठकीतच बसणार. मधल्या दारावर गाद्या आणि वाकळा टांगायच्या. पेटी इतकी दूर गेली की मला सूर कसा ऐकू येणार? त्यासाठी कानाला लावायचा हेडफोन होता, एकच. तो मला.

"कापसाजवळ इस्तो ठेवतं?" माय म्हणाली. विस्तवाचं नाव घेताना तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"इस्तो कुठं आहे माय? बल्बासारखं आहे ते. गरम होते फक्त."

"म्या हात लावून पायला आहे त्याले. भाकर भाजून निंगन त्याच्यावर."

"मोकळी जागा ठेवतो ना चारी बाजूनं. एकच गाणं. गाणं झालं की बंद."

माय माझ्याकडे बघायला लागली. मला वाटत होतं तिनं नाही म्हणावं. नाही म्हटली असती तर मी त्या माईकपासून सुटले असते. पण मी तसं बोलले नाही, आणि तिनं माझ्या गप्प बसण्याचा उलटाच अर्थ घेतला असावा. पोरीला गायचं आहे, असं. ती म्हणाली, "मंग मी बसतो आत. मले कळते कापूस. तुमाले नाई कळत."

दादाला ते पटलं. त्यानं कापूस मागे रेटून दाराजवळ जागा केली, पेटी विटांवर ठेवली, तिची उघडी पाठ कापसाकडे न करता भिंतीकडे केली. वरच्या झरोक्यात गोधडी कोंबली, कारण तिथून रस्ता ऐकू येत होता. मायजवळ पाण्याची बादली ठेवली आणि दोनदा बजावलं, "करंट चालू असताना पाणी टाकू नको माय. जागीच खलास होशीन. काई वाटलं त दार वाजव." मायनं मान हलवली. तिनं डोक्यावरचा पदर घट्ट खोचला आणि कापसाच्या पायथ्याशी मांडी घालून बसली. जिनात बसायची तशीच, पाठ ताठ. दार लोटलं तर ते गाद्यांच्या वजनानं उघडत होतं. म्हणून दादानं बाहेरून कडी घातली.

कडी पडल्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण त्यानंतर आवाजच नव्हता. तीन गाद्या आणि दोन वाकळा. पलीकडे पेटी सुरू होती, माय होती, आणि इकडे काहीच येत नव्हतं. दादा हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. दुपारची वेळ, मागच्या अंगणातून मायनं करून ठेवलेल्या तुरीच्या सोल्यांच्या भाजीचा वास येत होता. बाबा बोळाच्या तोंडाशी काठी घेऊन उभे होते, शेळ्या, कुत्री आणि पोरं हाकलायला. जिनाचा भोंगा रविवारीही व्हायचा, तो होऊन गेला की सुरू करायचं ठरलं होतं. भोंगा झाला. दादानं टेपरेकॉर्डरचा खटका दाबला, चाकं फिरली.

हेडफोनमधून गिटार माझ्या डोक्याच्या आतच वाजायला लागली. इतकी जवळ, की मला स्वतःचा आवाज परका वाटला. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं कडवं गेलं. भीती होतीच, पण सूर लागत होता. दुसऱ्या कडव्यात गिटारचा आवाज जरा दबला, कुणी तोंडावर पदर धरावा तसा. मी डोळे उघडून दादाकडे पाहिलं. तो मान खाली घालून वाजवत होता. त्याच्या कानाला काही नव्हतं, तो फक्त तारांची कोरडी टिणटिण ऐकत होता. त्याला कळायचं कारणच नव्हतं.

मग गिटारच्या मागे दुसरा आवाज आला. सरसर, सरसर, जसं कुणी मोठ्या घाईनं काहीतरी उकरतंय. मग खोकला. कोरडा, एक, आणि लगेच दाबलेला. मला वाटलं, मायला कापूस लागला घशाला. मग ठक, ठक. पुन्हा ठक ठक. दार माझ्यापासून चार हातांवर होतं आणि दारावर काहीही ऐकू येत नव्हतं. ठकठक माझ्या कानात होती, दारावर नव्हती. क्षणभर मला खरंच वाटलं, ती पेटीच वाजवतेय, त्या नळ्यांमधलं लाल काहीतरी. ओठांना चावलं होतं तेच आता कानात शिरलंय. तोंडानं मी गातच होते, ओळ आपोआप पुढे जात होती.

आणि अगदी बारीक, कुणी कानाशी कुजबुजावं तसं आलं:

"इमल."

मला विमलऐवजी इमल म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

मी "माय!" म्हणून ओरडले. दादाचा हात तारेवर घसरला. "काय वं, गाणं चाललं होतं ना!" तो चिडून म्हणाला.

"दादा, माय! माय बोलवून राहिली! कडी काढ, दादा, कडी!"

तो मला येडी झाली का अशा नजरेनं पाहत होता. त्याला तर सगळं शांत होतं. मी हेडफोन ओढून त्याच्या कानाशी दाबला. त्याचा चेहरा पांढरा कसा पडला ते मी पाहिलं. तो आधी दाराकडे नाही, समोरच्या भिंतीकडे धावला आणि विजेचा मेन खटका खाली ओढला. मी गाद्या ओढत होते. एक निघाली, दुसरी खुंटीला अडकली. कडी हाताला लागेना. लागली, तर दार आतून कुणाच्या तरी भारानं दाबलेलं, कडी सरकेना. "माय, मागं हो, मागं हो!" मी ओरडत होते. दादानं खांद्यानं दार रेटलं, कडी निघाली, आणि दार उघडताच माय आमच्या पायांवर पडली.

तिच्यामागून धूर आला. काळा नव्हता तो. पिवळट, जाड, गुळाच्या काहिलीत काहीतरी करपावं तशा वासाचा. ज्वाळा एकही नव्हती. वरचा डोंगर होता तसाच पांढरा. नंतर कळलं ते असं: पेटीच्या जोरदार आवाजानं खोली हादरत होती, आणि हादरून हादरून वरचा कापूस घसरला. भिंत आणि पेटी यांच्यामधे जाऊन पडला, नेमका तापलेल्या नळ्यांवर. मायनं तो दोन्ही हातांनी उपसायला घेतला. उपसला की वरून आणखी घसरायचा. बादली शेजारी होती, पण करंट चालू होता. तिनं दार वाजवलं. हाका मारल्या. आणि मग पुन्हा उपसायला गेली.

"पाणी," ती म्हणाली. "आता टाका पाणी. मंधात. मंधात आहे इस्तो." एवढं बोलून तिचा श्वास अडकला. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हाताचे तळवे सोललेले होते.

बाबा धावत आले, त्यांच्यामागे सगळी वस्ती आली. बोळातून दादाला बोल लावणारी तीच शेजारीण सगळ्यांत पुढे होती. तिनं मायला ओढून अंगणात नेलं आणि तिच्या तोंडावर ओला पदर धरला. लोकांनी चादरींत, धोतरांत भरभरून कापूस बाहेर काढला, अंगणात पसरला, त्यावर माती ओढली. पांढरा शुभ्र गोळा फोडला की आत लाल डोळा निघायचा. संध्याकाळपर्यंत ते चाललं. मी त्यातलं थोडंच पाहिलं. मी टांग्यात होते, मायचं डोकं माझ्या मांडीवर, आणि तिच्या प्रत्येक श्वासानंतर पुढचा येतो की नाही याची वाट बघत होते. सरकारी दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता मी आयुष्यभर चालत आले आहे असं वाटतं. टांगेवाला मागे न बघता सारखा विचारायचा, "हाये ना?" आणि मी म्हणायचे, "हाये."

त्या रात्री डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत सांगता येत नाही. सकाळ झाली. मग आणखी एक. मामा बाळापूरहून आला. अंगणात मातीत मिसळलेला, धुरानं पिवळा पडलेला आपला कापूस त्यानं पाहिला असेलच, कारण तो आधी घरीच गेला होता. पण दवाखान्यात आला तेव्हा त्याविषयी अवाक्षर न काढता तो बहिणीच्या खाटेपाशी जमिनीवर बसला आणि माय उठून बसेपर्यंत तिथून हलला नाही. दादा दाराबाहेरच उभा राहायचा. आत येत नसे. मायनं बोलावलं तेव्हाच आला, आणि तिनं त्याला काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा तोंड धुवायला गेला.

अमरावतीला मी पुढच्या वर्षी गेले. टेप न पाठवता स्वतःच गेले, मास्तरांच्या समोर उभी राहून गायले, आणि काही वर्षं त्यांच्या ऑर्केस्ट्रात गात राहिले. माईकची भीती मोडली असं म्हणता येणार नाही. तिच्यासकट गायला शिकले, इतकंच. दादानं ती पेटी पुन्हा जोडली नाही.

पण त्याआधी, माय घरी आल्यानंतरची एक संध्याकाळ राहिली आहे. टेपरेकॉर्डर अजून घरीच होता. दुकानाच्या मालकांनीच सांगितलं होतं, आई बरी होऊ दे, मग आण. दादा ते स्पूल पुसून टाकणार होता. मायच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या, आवाज घोगरा झाला होता, तो तसाच राहिला पुढे. ती म्हणाली, "लाव."

"नको माय," मी म्हणाले.

"लाव म्हणतो ना. मले आत काईच ऐकू नाई आलं तुहं. गाणं कसं झालं ते त पाऊ दे."

दादानं लावलं. बाबा उंबऱ्यात बसले होते. गाणं सुरू झालं आणि खरं सांगते, चांगलं झालं होतं. गिटार तिच्या जागी, माझा आवाज माझ्या जागी, प्रत्येक शब्द सुटा. माय मान हलवत होती. मग दुसरं कडवं आलं, गिटार दबली, सरसर आली, खोकला आला. मी तिच्या खांद्याला धरलं. ठक, ठक. मग ती बारीक हाक. मग माझी किंकाळी, दादाचं चिडणं, आणि मेन पडला तिथे आवाज चिरका होत होत संपलेला.

चाकं फिरत राहिली. मायनं आपला आवाज आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला होता.

"ते इमल म्हणलं ते कोण?" तिनं विचारलं.

"तूच, माय."

तिनं पट्टी बांधलेला हात त्या फिरत्या चाकांजवळ नेला. "एवढंसं?" ती म्हणाली. "मले त वाटलं, मी बोंबलून राहिली."